गुलाल उतरल्यावर

१८ जानेवारी २०२१. अमेरिकेत त्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी होती आणि तिकडे सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीचा निकाल. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत रविवारचे रात्रीचे साडेअकरा झाले, तेव्हा तालुक्याला मोजणी सुरू झाली. सकाळी उठायचं नव्हतं म्हणून मी फोन उशाला घेऊन जागीच राहिले. गावाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं, तर शोधणाऱ्याला ती क्लिप सापडेल.

राज्यात तेव्हा चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक लागली होती. आमची नऊ सदस्यांची, तीन प्रभागांची. नाना, म्हणजे माझे वडील, वीस वर्षं एका पॅनेलचे कर्ते, आणि समोरच्या पॅनेलचे कर्ते थोरले आप्पा, नानांचे चुलतभाऊ. मशीनवरची मोजणी, तास-दीड तासात संपली. सहा-तीन. नानांचं पॅनेल पडलं.

"पडलो बघ," नाना फोनवर म्हणाले. मागे हलगी वाजत होती, आणि ती समोरच्यांची होती.

संध्याकाळी थोरले आप्पा घरी आले. टोपीपासून धोतराच्या काठापर्यंत गुलाल. ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, "चहा टाका वहिनी, घसा बसलाय." आईने टाकला. प्रचारात ह्याच दोघांनी एकमेकांचं काय काय काढलं होतं ते मला व्हिडिओ कॉलवर रोज कळत होतं. पण निकालाच्या संध्याकाळी जिंकलेल्याने पडलेल्याच्या ओट्यावर यायचं आणि पडलेल्याने चहा पाजायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. तिला कुणी रीत म्हणतही नाही. उद्या पहाटे दोघांनाही एकाच डेअरीला दूध घालायचं असतं, विहिरीवरची मोटर एकाच डीपीवर चालवायची असते.

त्या निकालातली खरी बातमी तीन नंबरच्या प्रभागातली होती. तिथे स्त्रियांसाठी राखीव जागेवर मुलाणी वस्तीतल्या चाचांची सून निवडून आली, ३१ मतांनी. पडली ती आमच्या भावकीतली. हा प्रभाग म्हणजे माळावरची वस्ती. गावात टाकी झाली, नळ आले, पण माळावर पाणी चढायचं नाही. बाया उन्हाळ्यात पाऊण मैलावरून हंडे आणायच्या. चाचांच्या सुनेने दोन वर्षं त्या बायांना घेऊन पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. मुलाण्यांची घरं चौदा. बाकी मतं कुठून आली? आमच्याच भावकीतून आली. माझ्या सख्ख्या काकूने नंतर मला सांगितलं, "मी तिलाच दिलं. माझ्या डोक्यावरचा हंडा तिनं बघितलाय."

एवढं सगळं त्या गावात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं.

त्या रात्री एका वाहिनीवर ग्रामपंचायतींच्या निकालावर चर्चा चालली होती. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कपबशी, शिट्टी, रोडरोलर असली चिन्हं असतात आणि एकाच पॅनेलमध्ये तीन पक्षांची माणसं सुखाने बसतात. तरी निरनिराळे पक्ष आपणच राज्यात पुढे असल्याचं सांगत होते. त्या वेळी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडतही मतदानानंतर ठेवलेली होती, म्हणजे गुलाल उडाला त्या दिवशी सरपंच कोण होऊ शकतो हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. पण पडद्यावर रात्रभर काहीतरी दाखवायचं असतं. कुठूनतरी आमच्या गावाचं नाव त्या चर्चेत आलं. बहुधा मिरवणुकीचा व्हिडिओ कुणीतरी पाठवला असावा, त्यात चाचांचा मुलगा गुलालात नाचत होता.

पडद्यावर ज्यांच्या नावाखाली 'राजकीय विश्लेषक' अशी पट्टी होती, ते गृहस्थ शांतपणे बोलत होते, ही गोष्ट मला जास्त लागली. ते ओरडले असते तर लोकांनी सोडून दिलं असतं. ते म्हणाले की हा निकाल साधा समजू नका, एक समाज एकगठ्ठा मतदान करून गावं ताब्यात घ्यायला निघाला आहे, आणि दुसरा समाज भावकीच्या भांडणात झोपलेला आहे. मग त्यांनी विचारलं, दहा वर्षांनी त्या गावच्या जत्रेचा मान कुणाकडे असेल? समोर बसलेल्यांपैकी एक जण हसला. कुणीही विचारलं नाही की त्या प्रभागात मुलाण्यांची घरं किती, बाकीची मतं कुणाची, आणि माळावर पाणी कधीपासून नाही.

सकाळी गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेवढाच तुकडा आला. चाळीस-पन्नास सेकंदांचा. कुणी पाठवला ते शोधून उपयोग नव्हता. दुपारपर्यंत तो सगळ्यांनीच सगळ्यांना पाठवला होता. दोन दिवसांनी पुण्याला कंपनीत असलेल्या आमच्या गावच्या मुलांच्या ग्रुपवर आला. त्यांच्यातल्या निम्म्या मुलांनी त्या निवडणुकीत मत दिलेलं नव्हतं, तीन नंबरचा प्रभाग चालून पाहिलेला नव्हता. त्यांनी त्याला हातभार लावला, गाणी जोडली, अक्षरं चढवली.

पुढचं मी नानांच्या फोनवरून तुकड्या-तुकड्याने ऐकलं. रविवारी चाचांकडे दोन बोकड लागायचे, ते एकावर आलं. भांडण झालं नाही, दगड उचलला गेला नाही, पोलीस आले नाहीत. बातमी होईल असं काहीच घडलं नाही. फक्त काही माणसं तालुक्याहून मटण आणायला लागली. ग्रामसभेत चाचांची सून पाण्याच्या टाकीवर बोलायला उठली, तेव्हा मागून एक पोरगा काहीतरी बोलला. ते शब्द वाहिनीवरचे होते, गावातले नव्हते. आमच्याकडे शिवी द्यायची तर सगळे ठणठणीत शिव्या देतात, पण 'एकगठ्ठा' हा शब्द मी गावात कधी ऐकला नव्हता.

मला इकडे बसून काय करता येत होतं? वाहिनीला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. रात्री झोप लागत नव्हती.

आमच्या घरापासून राइट्सव्हिल बीच दोन तासांवर. इकडे राहणारी मराठी कुटुंबं उन्हाळ्यात दशम्या-चटणी बांधून तिथे जातात, आम्हीही दरवर्षी जातो. वाटेत विल्मिंग्टन लागतं. तिथे थर्ड स्ट्रीटवर ब्राँझची सहा उंच वल्ही उभी रोवलेली आहेत. कित्येक वर्षं मी ती गाडीतूनच पाहिली होती आणि नदीकाठचं गाव, म्हणून नावाड्यांचं काही स्मारक असेल असं धरून चालले होते. त्या वर्षी वसंतात मुलीने हट्ट केला म्हणून थांबलो. तिला शाळेत त्याबद्दल सांगितलं होतं. ते १८९८चं स्मारक, २००८ मध्ये उभं राहिलेलं. वल्ही अशासाठी की पाणी ओलांडून या जगातून पुढच्या जगात जायचं असतं. मी तिथला मजकूर वाचला, आणि घरी आल्यावर पुढचे दोन महिने त्याच गोष्टीबद्दल मिळेल ते वाचत राहिले.

१८९८ मध्ये विल्मिंग्टन हे नॉर्थ कॅरोलायनातलं सर्वांत मोठं शहर होतं आणि तिथे कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त होती. गुलामी संपून तेहतीस वर्षं झालेली. नगरपालिकेत दोघांचं मिळून चाललेलं सरकार होतं, कृष्णवर्णीय नगरसेवक होते, पोलीस होते, दुकानदार होते. अलेक्झांडर मॅनली नावाचा तरुण संपादक 'डेली रेकॉर्ड' हे कृष्णवर्णीयांचं दैनिक काढायचा.

त्या वर्षी विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रमुख फर्निफोल्ड सिमन्स यांनी मोहीम आखली. तिला तीन प्रकारची माणसं लागत होती: लिहिणारी, बोलणारी आणि घोड्यावर बसणारी. लिहिणाऱ्यांत पुढे होते रालेचे जोसिफस डॅनियल्स, 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर'चे संपादक. राले म्हणजे माझं रोजचं ऑफिस जिथे आहे ते शहर. डॅनियल्स यांचा पेपर रोज कृष्णवर्णीयांच्या अरेरावीच्या गोष्टी छापत होता आणि नॉर्मन जेनेट नावाच्या तरुणाची व्यंगचित्रं. एका चित्रात कृष्णवर्णीय माणूस म्हणजे पंख पसरलेला मोठा वटवाघूळ-पिशाच्च, आणि त्याच्या नखांखाली गोऱ्या बायका. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी चित्र पुरेसं होतं.

मॅनली यांनी ऑगस्टमध्ये एक अग्रलेख लिहिला. जॉर्जियातल्या रेबेका फेल्टन यांनी आदल्या वर्षी एका भाषणात म्हटलं होतं की गोऱ्या बायकांच्या रक्षणासाठी आठवड्याला हजारदा माणसं लटकवावी लागली तरी लटकवा. ते जुनं भाषण विल्मिंग्टनच्या पेपरात पुन्हा छापून आलं. मॅनली यांनी उत्तर दिलं: प्रत्येक संबंध बळजबरीचा नसतो, आणि गोऱ्या पुरुषांनी काळ्या बायकांशी आजवर काय केलं तेही कधी बोला. मग त्या अग्रलेखाचं असं झालं की विरोधी पेपरांनी तो उचलला आणि निवडणुकीच्या दिवसापर्यंत पुन्हा पुन्हा छापला. आधीचं भाषण बाजूला, उत्तर तेवढं पुढे. वाचताना मला आमच्या ग्रुपवरचा तो तुकडा दिसत होता.

८ नोव्हेंबरला राज्याच्या आणि काउंटीच्या जागांसाठी मतदान झालं. धाकदपटशा आणि मतांची चोरी करून डेमोक्रॅट जिंकले. पण नगरपालिकेची निवडणूक त्या दिवशी नव्हतीच, ती पुढच्या वसंतात होती. म्हणजे निवडणूक झाली, निकाल लागला, आणि शहराचं सरकार तरीही तेच राहणार होतं. इथपर्यंत पेटवून आणलेल्या माणसांना कोण सांगणार की आता घरी जा? ९ तारखेला कोर्टात सभा भरली, गोऱ्यांच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. १० तारखेच्या सकाळी अल्फ्रेड वॉडेल नावाच्या माजी खासदाराच्या मागे सशस्त्र जमाव निघाला आणि त्याने 'डेली रेकॉर्ड'चं ऑफिस जाळलं. मॅनली आधीच निसटले होते. जळक्या इमारतीसमोर बंदुका घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांचा एक फोटो आहे. लग्नातल्यासारखे ओळीने उभे आहेत. मग शहरभर गोळीबार. बायका-मुलं दलदलीत आणि पाइन फॉरेस्टच्या कब्रस्तानात लपली, नोव्हेंबरच्या थंडीत. किती मारले गेले याचा पक्का आकडा आजही नाही. कुणी साठ म्हणतात, कुणी कितीतरी जास्त. संध्याकाळपर्यंत महापौर आणि नगरसेवकांचे राजीनामे बंदुकीच्या धाकाने घेतले आणि वॉडेल महापौर झाले.

इथे मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं आहे. दोन आठवड्यांनी, २६ नोव्हेंबरला, 'कॉलियर्स' या देशभर खपणाऱ्या साप्ताहिकात विल्मिंग्टनच्या 'दंगली'ची हकीकत आली. लिहिणारे कोण? स्वतः वॉडेल. नाइलाजाने सूत्रं हाती घेऊन शांतता आणणारा माणूस, असं त्यांनी स्वतःला रंगवलं. मुखपृष्ठावर बंदुका चालवणारे कृष्णवर्णीय. ज्यांना मारलं, तेच मारणारे म्हणून देशभर गेले. ती 'दंगल' शंभर वर्षं दंगलच राहिली. शाळेच्या पुस्तकात, पाटीवर, घराघरात. राज्याने नेमलेल्या आयोगाने २००६ मध्ये मोठा अहवाल दिला, तेव्हा कुठे 'उठाव', 'सत्तापालट' हे शब्द सरकारी तोंडात आले.

दरम्यान मत राहिलं नाही. १९०० मध्ये साक्षरतेची अट घालणारी घटनादुरुस्ती झाली. १८९६ मध्ये राज्यात सुमारे १,२६,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, ते १९०२ मध्ये ६,१०० च्या आसपास उरले.

आणि डॅनियल्स? ते त्या दिवशी विल्मिंग्टनमध्ये नव्हते. दोन तासांच्या अंतरावर, तेव्हा कदाचित दिवसभराच्या, रालेत आपल्या ऑफिसात होते. पुढे ते अमेरिकेच्या नौदलाचे मंत्री झाले, मेक्सिकोत राजदूत झाले. म्हातारपणी आठवणी लिहिताना त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं की आपला पेपर गोऱ्यांच्या वर्चस्वाचा लढाऊ आवाज होता आणि पक्षाच्या ओढीने कधीकधी टोकालाही गेला. त्या ओळी मी कितीदा वाचल्या. त्यात खंत शोधत होते. रालेत त्यांचा पुतळा होता, मी त्याच्याजवळून कामाला गेले आहे. जून २०२० मध्ये त्यांच्याच घरच्या लोकांनी तो काढून नेला. पेपरने माफी मागितली २००६ मध्ये, म्हणजे १०८ वर्षांनी.

एका मराठी मैत्रिणीला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, कुठे विल्मिंग्टन, कुठे तुमचं गाव! तिथे माणसं मेली. तुमच्याकडे मटणाचा खप कमी झाला." तिचं बरोबर आहे. मी दोन्हींना एका तराजूत घालत नाही. पण मला प्रमाणाशी देणंघेणं नव्हतं, मला एक माणूस ओळखू येत होता. निकाल लागल्यावर गावाबाहेर बसून गावाला गावाबद्दल सांगणारा. उद्या पहाटे त्याला त्या डेअरीला यायचं नाही.

मग मला मॅनली अडवत होते. तेही तिखटच लिहीत होते. आजच्या भाषेत तेही भाष्यकारच. निवडणुकीच्या तोंडावर इतकं कडक का लिहिलं, असं त्यांना त्यांच्या बाजूच्याही काही लोकांनी विचारलं होतं. म्हणजे मुद्दा सौम्य बोलण्याचा नाही. मला सौम्य भाष्यकार नको आहेत. आमच्या गावात पाणी माळावर का चढलं नाही हे कुणी वाहिनीवर रागाने विचारलं असतं, नावं घेऊन विचारलं असतं, अगदी नानांचं नाव घेऊन, तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. नाना वीस वर्षं त्या पंचायतीत वजन राखून होते. प्रश्न त्यांनाही लागू होता. मॅनली ज्या रस्त्यावर राहत होते तिथल्या लोकांना जिवे मारण्याची भाषा चालली होती, आणि त्यांनी तिला उत्तर दिलं. छापखाना त्यांचा जळला. शहर सोडावं लागलं त्यांना. आपल्या शब्दाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. डॅनियल्स यांच्या शब्दांची किंमत दुसऱ्या शहरातल्या माणसांनी मोजली.

आमच्या निवडणुकीच्या जेमतेम सहा आठवडे आधी, ७ डिसेंबर २०२० ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका वृत्तनिवेदकाच्या प्रकरणात निकाल दिला होता. द्वेषाचं बोलणं तपासताना कोण बोललं, त्याची पोहोच किती, ऐकणारा कोण, हे पाहायला हवं, असं त्यात म्हटलं आहे. ज्याचा शब्द लांब जातो त्याने तो जपून टाकायला हवा. हे मी शोधून वाचलं, नानांना फोनवर समजावून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आगं, हे पाटलाच्या बाबतीत आमची आजीसुद्धा म्हणायची. चावडीवर बसलेल्यानं तोंड सांभाळायचं."

२०२१ ची जत्रा करोनाने झालीच नाही. २०२२ च्या चैत्रात मी मुलीला घेऊन गावी गेले. जत्रेच्या बैठकीत, मी पोचायच्या आदल्या आठवड्यात, कुणीतरी विषय काढला होता की यंदा बोकडांसाठी बाहेरून माणूस आणू. पिढ्यान्‌पिढ्या ते काम चाचांच्या घराण्याचं, देवाच्या पालखीपुढे त्यांचा मान. नाना आणि थोरले आप्पा दोघेही एकाच वेळी उठले आणि नाही म्हणाले. वीस वर्षांत ते दोघे एका बाजूने बोललेले कुणी पाहिलं नव्हतं. विषय तिथे संपला. पण जत्रेच्या दिवशी चाचा आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणून निरोप पाठवला, धाकट्या भावाला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. चाचा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. गुडघ्याबद्दल मी विचारलं नाही. त्यांच्या सुनेने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि म्हणाली, "नळाचं हाय, ताई. फेब्रुवारीपासून चढतंय." चाचा मुलीशी हिंदी-मराठीत काहीबाही बोलत राहिले, तिथे बर्फ किती पडतो, शेरडं असतात का.

मी निघाले तेव्हा त्यांचा नातू माझ्यामागे ओट्यापर्यंत आला. तेरा-चौदा वर्षांचा, आवाज नुकताच फुटलेला.

"आत्या, तुम्ही तिकडं कंप्युटरमध्ये हाय ना?"

"हो."

"ती क्लिप अजून नेटवर हाय. पूर्ण कार्यक्रमच हाय. काढता येती का?"

मी त्याला सांगितलं की तक्रार करता येते, काढतील की नाही ते सांगता येत नाही. तो म्हणाला, करून बघू. ओट्यावर बसून मी फोनवर अर्ज उघडला. कार्यक्रमाचं नाव, तारीख, कारण. मग एक रकाना होता: आक्षेपार्ह भाग व्हिडिओत नेमका कुठे आहे, वेळ लिहा. मी व्हिडिओ उघडायला गेले, तर त्याने माझ्या हातावर हात ठेवला.

"उघडू नका. अकरा मिनिटं चाळीस सेकंद."